कपड्याचं तोंड

मी आयुष्यभर लोकांचे जुने कपडे उसवले. शिवलेही, पण आधी उसवले. कुणी विचारलं, बाई, नोकरी कुठं होती, तर ‘बोर्डिंगात शिवणबाई होते’ एवढं सांगते आणि विषय बदलते. या अंकाच्या संपादकबाई आमच्याच गल्लीतल्या. त्या म्हणाल्या, तेच लिहा, आणि विषय न बदलता लिहा. आता विषय बदलायचा नाही म्हटल्यावर जिथं मान खाली जाते तिथंही थांबावं लागणार. थांबते, काय करता.

बोर्डिंग म्हणजे काय, ते आधी सांगते. मिशनच्या लोकांनी पूर्वी नाशकात काढलेलं मुलामुलींचं वसतिगृह. पेठ, सुरगाण्याकडची डोंगरातली पोरं तिथं राहून शाळा शिकतात. भाताची कापणी झाली की त्यांचे आईबाप दिंडोरीकडे, पिंपळगावाकडे द्राक्षबागांत कामाला उतरतात. पोर बरोबर नेलं तर शाळा बुडते, घरी ठेवलं तर बघायला कुणी नाही. म्हणून बोर्डिंग. काहींना आईबापच नसतात, त्यांचं तर घरच ते. जेवण, प्रार्थना, अभ्यास, आणि कपडे. कपड्यांचं खातं आधी माझ्या आईकडे होतं, नंतर माझ्याकडे आलं.

आईचं नाव सगुणाबाई. तिची कपडेखोली स्वयंपाकघराच्या मागं होती. नाताळ जवळ आला की चर्चच्या मंडळीतली माणसं आणि गंगापूर रोडच्या बंगल्यांतली माणसं जुन्या कपड्यांची पोती आणून टाकायची. देणारे मनानं चांगले असतात, पण पोतं भरताना त्यांचं लक्ष नसतं. त्यातून काय काय निघायचं म्हणून सांगू! नवरदेवाचा सूट. एकाच पायाचा बूट. नर्सची टोपी. पोलिसाची पॅन्ट, पट्ट्यासकट. एकदा तर कवळी निघाली. आईनं ती धुऊन, पुसून, फडक्यात बांधून वर्षभर ठेवली, कोणी शोधत येईल म्हणून. कोणी आलं नाही. कुठल्या तोंडानं येणार बिचारं?

तर या पोत्यातला कपडा होता तसा पोराच्या अंगावर घालायचा नाही, हा आईचा कायदा. ती म्हणायची, ‘कपड्याचं तोंड बदलल्याशिवाय तो खोलीबाहेर जाणार नाही.’ म्हणजे कॉलर काढायची, नाहीतर गोल करायची. बटणं सगळी बदलायची. फ्रॉकची झालर काढून खिसा करायचा, दोन फ्रॉक मिळून एक परकर-पोलकं करायचं, फारच ओळखू येणारा रंग असला तर रंगाच्या पातेल्यात बुडवायचा. उसवायचं ते ब्लेडच्या अर्ध्या पात्यानं. जुन्या टाक्यांच्या जागी भोकांची रांग दिसते, ती ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून वाफेनं मारायची. इतकं केल्यावर तो कपडा ज्याचा होता त्याच्या समोरून गेला तरी ओळखू यायचा नाही.

एकदा गेलाही. एक बाई पोतं देऊन गेल्या होत्या, त्या महिन्याभरानं परत आल्या. म्हणाल्या, आमच्या पिंकीचा जांभळा फ्रॉक कोणत्या मुलीला दिलात, बघावा म्हटलं, तेवढंच समाधान. आई म्हणाली, बसा की, पाणी घ्या. ज्या मुलीनं पाण्याचा पेला आणून दिला तिच्या अंगावर तोच फ्रॉक होता. बाईंनी पाणी पिऊन ‘किती गुणी मुलगी’ म्हणून तिच्या गालाला हात लावला आणि इकडे तिकडे बघत फ्रॉक शोधत बसल्या. त्या गेल्यावर आई पदर तोंडात धरून हसली. तिला एवढं हसताना मी फारसं पाहिलेलं नाही.

कायद्याचा दुसरा भाग असा, की पोर घरून जे नेसून येतं त्याला ब्लेड लावायचं नाही. पेठकडचा एक मुलगा बापाचा शर्ट घालून आला होता. गुडघ्यापर्यंत यायचा, बाह्या लोंबत. मी तेव्हा नवी होते, हात शिवशिवत होते. म्हटलं, आई, याला मापाचा करून देते. ती म्हणाली, ‘तो शर्ट लहान करू नको. त्याला त्यात मोठं व्हायचंय.’ तो मुलगा खरंच तीन इयत्ता त्याच शर्टात झोपला.

आई प्रार्थनेला उठून लांब लांब बोलणाऱ्यांतली नव्हती. वचनं पाठ म्हणून दाखवायची नाही. तिचा धर्म ब्लेडच्या पात्यात होता असं मला वाटतं. तो तिच्यात कुठून आला हे तिनं मला एकदाच सांगितलं.

ती स्वतः बोर्डिंगातली मुलगी. तिची आई गेली आणि बापानं तिला मिशनच्या दारात आणून ठेवलं. एका नाताळात तिला पिवळा फ्रॉक मिळाला, पोत्यातून निघाला तसाच. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासना चालू असताना पुढच्या बाकावरची एक मुलगी मागं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, तो माझा फ्रॉक आहे, खिशापाशी शाईचा डाग आहे बघा. डाग होताच. आईनं त्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी केक वाटायला आले. केक दोन्ही हात पुढं करून घ्यायचा, अशी आमच्याकडे शिस्त. आईनं एकच हात पुढं केला. तर वाटणाऱ्या बाई रागावल्या, म्हणाल्या, एवढं देतो तरी वळण नाही. मला हे सांगताना म्हातारपणीसुद्धा तिचा डावा हात कमरेपाशी गेला होता.

हे मी माझ्या मुलाला कधी सांगितलं नाही. पहिलं थांबायचं ठिकाण हे.

सुहास इंग्रजी शाळेत होता. वर्गातल्या मुलांच्या आज्या डॉक्टरणी, वकिलांच्या बायका. त्यानं विचारलं, माझी आजी कोण होती? मी म्हटलं, शिवणशिक्षिका होती, फार मोठ्या मनाची, गोरगरिबांना कपडे द्यायची. यातलं खोटं काय होतं सांगा? पण तिला कुणीतरी कपडे दिले होते, ते मी गाळलं. त्याच्या मनात आजी म्हणजे एक देणारी बाई. मीच ती तशी करून ठेवली.

सुहासचा आता सातपूरला छोटा कारखाना आहे. सुनेचा, त्याचा स्वभाव चांगला. गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, आई, तुला एक गंमत दाखवायचीय, बोर्डिंगात चल, चांगली साडी नेस. गेले. मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या. मला पुढं बसवलं, हातात गुच्छ दिला. हल्ली तिथं शिवणबाई नाही, जुने कपडे कुणी घेत नाही, सगळं नवं कोरं पाकिटात येतं. बोर्डिंगच्या आताच्या मॅडमनी मुलांना बोलावलं. सगळ्यांच्या अंगात नवे स्वेटर, गडद निळे, जाड, उबदार. नाशकातली थंडी तुम्हाला माहीत आहे, सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं. मी म्हटलं, चांगलं केलंस बाबा.

मग मॅडम म्हणाल्या, मुलांनो, मागं वळा.

मुलं वळली. प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी धाग्यानं मशीनचं भरतकाम. ‘कै. सगुणाबाई यांच्या स्मरणार्थ.’ एका रांगेत लहान, मागच्या रांगेत मोठी. सगळी पाठमोरी, आणि फोटोवाला म्हणतोय, हलू नका.

मला काय वाटायला हवं होतं ते आईच्या कायद्यावरून कळतंच. आता खरं काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. डोळे भरून आले. एवढ्या जणांसमोर माझ्या आईचं नाव, आणि तेही सोनेरी! जिचा जन्म मागच्या बाकावर गेला तिचं. मी टाळ्या वाजवल्या. सुहासनं माझा हात धरला. मुलं तोवर पाठमोरीच उभी होती, आणि त्यांची तोंडं बघायचं मला सुचलं नाही.

पुढच्या रविवारी देवळात बोर्डिंगची मुलं नेहमीसारखी दोन-दोनच्या रांगेत आली. माझ्या बाकाजवळून जाताना मी बघते तर सगळ्यांचे स्वेटर उलटे. शिवणी बाहेर, लेबल बाहेर, पाठीवर भरतकामाची मागची बाजू. तिथं कडक अस्तर लावलेलं असतं, त्याचा पांढरा चौकोन आणि धाग्यांचं जंजाळ. एकानं चुकून उलटा घातला तर समजू शकते. सगळी रांग?

उपासना संपल्यावर मॅडमना विचारलं. त्या वैतागल्या होत्या. म्हणाल्या, ‘काय सांगू मावशी, आतून टोचतं म्हणतात. मी ताकीद दिलीय, नाताळच्या उपासनेला सुलटेच घालायचे. साहेब येणार, त्यांना काय वाटेल?’ साहेब म्हणजे आमचा सुहास.

टोचतं हे मला पटलं. ते अस्तर टोचतंच. मी म्हटलं, मी येऊन आतून मऊ कापड लावून देते. एवढंच ना? सोमवारी सुईदोरा घेऊन गेले.

शाळेची वेळ होती, मुलं गेलेली. एकच मुलगी अंगणात बसलेली, यमुना. सुरगाण्याकडची, पाचवीतली, बडबडी. नाताळच्या कार्यक्रमात देवदूताचं भाषण तिच्याकडे होतं. ऊन अजून आलं नव्हतं. ती एका विटक्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुरफटून बसली होती, दात वाजत होते. मी विचारलं, शाळा? तर म्हणाली, जायची नाय. स्वेटर? तर म्हणाली, नाय घालायचा. मी म्हटलं, अगं मी अस्तर लावून देते, टोचणार नाही.

‘टोचत नाय मावशी. आम्ही मॅडमला तसं सांगितलं.’

मग हळूहळू बाहेर आलं. शाळेत बाहेरची मुलं यांना आता सगुणाबाई म्हणतात. ए सगुणाबाई, सरक. सगुणाबाईची पोरं आली, वास येतोय बघ. वर्गात कुणी बाकावर बसायला आलं की बाकीचे म्हणतात, इथं स्मरणार्थ आहे. एका मुलानं यमुनाला विचारलं, ही बाई मेली म्हणून तुला स्वेटर मिळाला का? मग दुसरी मेली की चप्पल मिळेल. यमुनानं त्याला मारलं. तिला वर्गाबाहेर उभं केलं. सगळा वर्ग आत, आणि ही बाहेर, पाठ दाराकडे.

‘म्हणून उलटा घातला. तर मॅडम म्हणल्या, सुलटा घाल नायतर नको घालू. मग नाय घातला. मला बाबाकडं पाठवा. मी बागेत काम करीन. माझी आई हाय तिथं.’

मी तिथंच पायरीवर बसले. माझ्या मांडीवर अस्तराचं मऊ कापड होतं, त्याचं काय करावं कळेना. पोर दहा वर्षांची. एकदा बागेत गेली की ती परत शाळेत येत नसते, हे मी किती पोरींचं पाहिलंय. आणि तिला बागेत घालवत कोण होतं? माझी आई. जिनं उभा जन्म कुणाच्या अंगावर देणाऱ्याची खूण राहू दिली नाही, तिचंच नाव आम्ही पोरांच्या पाठीवर खूण म्हणून ठोकलं होतं. तिच्या वेळी खिशापाशी डाग होता, हात ठेवून झाकता तरी आला. पाठीवर कुणाचा हात पोचतो?

मी यमुनाला म्हटलं, मला नाताळपर्यंत वेळ दे. तिनं लुगड्याचा तुकडा आणखी घट्ट लपेटला. आईचा होता, विचारायची गरज नव्हती.

मॅडमना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. बाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, साहेबांनी एवढ्या प्रेमानं दिलेत, त्यांनी पुढच्या वर्षी गिझरचं कबूल केलंय, मी कोणत्या तोंडानं उसवू? तुम्हीच त्यांच्याशी बोला. म्हणजे फिरून ते माझ्याकडेच आलं. येणारच होतं.

सुहासशी बोलायला मला अख्खा आठवडा धीर झाला नाही. रोज ठरवायचे आणि भाजी चांगली झाली का विचारून उठायचे. शेवटी एका सकाळी तो चहा पीत बसला होता, फोनवर तोच फोटो दुसऱ्या कुणाला दाखवायला काढत होता, तेव्हा म्हटलं, ते नाव काढावं लागेल.

तो आधी हसला. मग त्याला लागलं. म्हणाला, ‘आई, मी माझ्या कंपनीचं नाव टाकलं नाही. माझं टाकलं नाही. तुझ्या आईचं टाकलं. त्यात काय चुकलं?’ त्याचं काही चुकलं नव्हतं हो. त्याला मी जी आजी दिली होती तिच्या नावानं त्यानं केलं. म्हणून त्या सकाळी त्याला खरी आजी दिली. पिवळा फ्रॉक सांगितला. शाईचा डाग सांगितला. केकला पुढं आलेला एकच हात सांगितला. तो ऐकत राहिला, चहावर साय धरली. पण पटल्यासारखा दिसेना. म्हणाला, ते तेव्हाचं होतं, आता नवे कोरे कपडे आहेत, जुने नाहीत.

मग दुसरं थांबायचं ठिकाण आलं. तेही सांगितलं.

‘तुझा शाळेतला निळा कोट आठवतो? जो घालून तुला भाषणाचं पहिलं बक्षीस मिळालं?’

आठवत होता. तो अजून सांगतो सगळ्यांना, आईनं स्वतः शिवला होता म्हणून.

‘तो पोत्यातला होता. तुझे सगळेच पोत्यातले होते. बोर्डिंगच्या सगळ्या मुलांचं झाल्यावर जे उरायचं त्यातून मी तुझं काढायचे, आजीनं शिकवलं तसं. कॉलर बदलली, बटणं बदलली, खिसा उलटा लावला.’

सुहासचा हात शर्टाच्या कॉलरपाशी गेला. पन्नाशीला आलेला माणूस, पण तेवढ्यापुरता आठवीतला झाला. मला वाटलं, आता हा ओरडेल, एवढी वर्षं फसवलंस म्हणेल. मला ते ऐकून घ्यायचंच होतं. पण त्यानं एवढंच विचारलं, ‘कुणाचा होता तो कोट?’

मी म्हटलं, ‘मला ठाऊक नाही. कुणालाच नव्हतं. म्हणून तर तो तुझा झाला.’

तो उठला, गार चहा मोरीत ओतला आणि कारखान्यात गेला. संध्याकाळी गाडीतून स्वेटरची गाठोडी घेऊन आला. बोर्डिंगात जाऊन त्यानंच मागून आणले होते.

विणीच्या कपड्यावरचं मशीनचं भरतकाम उसवणं म्हणजे जिवावरचं काम. चुकून विणीचा धागा कापला की शिडी सुटते आणि स्वेटर वाया. पुढून हात लावायचाच नाही. उलटा करायचा, मागचा पांढरा धागा ब्लेडनं थोडा थोडा कापायचा, मग पुढचा सोनेरी आपोआप सैल पडतो. माझी नजर आता कमी. मॅडमनी रोज दुपारी मोठ्या मुली माझ्या घरी मदतीला पाठवल्या. यमुना त्यात नव्हती, आपणहून आली. पहिल्या दिवशी नुसती दारात उभी राहिली, दुसऱ्या दिवशी पातं मागितलं. हात हलका निघाला पोरीचा.

एका स्वेटरवरची अक्षरं अर्धी सुटली होती. ‘सगुणा’ राहिलं होतं, पुढचं गेलं होतं. तिनं विचारलं, ‘मावशी, ही तुमची आई ना?’

‘हो.’

‘मग तुम्हीच काढता? मी नसतं काढलं माझ्या आईचं.’

पाठीमागं सुहास इस्त्री तापवत होता, ओलं फडकं पिळता पिळता थांबला. मी म्हटलं, ‘तिनंच शिकवलंय गं काढायला.’ यमुनानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या उरलेल्या तीन अक्षरांतलं एकेक इतक्या हळू काढलं, जणू ते दुखेल. सोनेरी धागे तिनं टाकले नाहीत. गोळा करून माझ्या सुईच्या डबीत ठेवले. ते अजून तिथंच आहेत.

नाताळच्या उपासनेला मुलं आली, स्वेटर सुलटे. साधे निळे, पाठ कोरी. यमुना पुढं जाऊन देवदूताचं भाषण म्हणाली, एका जागी विसरली, मागून कुणीतरी सांगितलं, मग धडाधड पूर्ण केलं. गळ्याशी स्वेटरच्या आतून हिरव्या लुगड्याचं टोक बाहेर डोकावत होतं. शाळेतही ती जायला लागली आहे. अधूनमधून मारामारी करते, पण जाते.

केक वाटताना आमच्या मागच्या बाकावरचे एक गृहस्थ सुहासला म्हणाले, स्वेटर छान आहेत हो मुलांचे, कोणी दिले?

सुहास केक घ्यायला दोन्ही हात पुढं करून उभा होता. तो म्हणाला, ‘दिले असतील कुणीतरी.’

मी सुहासकडे वळले नाही, समोर बघत राहिले. खिडकीतून ऊन येत होतं, पुढच्या बाकावर मुलं पाठमोरी बसली होती. इतकी वाफ दिली, तरी निळ्यावर भोकांच्या रांगा बारीक दिसतच होत्या. दुसऱ्या कुणाला वाचता आलं नसतं. मला सगळं वाचता येत होतं.